सुईण, प्रसाविका आणि बाळंतपणाची वेळ

खेड्यातील एखाद्या बाळंतपणाची हकिगत घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीला विचारली, तर ती बहुधा वेळेपासून सांगू लागते. दिवेलागणीला कळा सुरू झाल्या, मध्यरात्री पाणमोट फुटली, कोंबडा आरवायच्या आत बाई मोकळी झाली. बाळंतपण नीट पार पडले असेल तर हकिगत इथेच संपते. तसे नसेल तर पुढे आणखी काही वेळा येतात. उन्हे वर आली तरी वार पडली नाही, गाडी मिळेपर्यंत दुपार झाली, नदीपलीकडच्या दवाखान्यात पोचेतो दिवस मावळला. या दोन हकिगतींमध्ये जे अंतर आहे, त्यात घरच्या माणसांखेरीज पहिली उभी राहणारी व्यक्ती म्हणजे सुईण किंवा शिकलेली प्रसाविका. मातृरक्षणाचा विचार करताना तिच्यापासूनच आरंभ करावा लागतो.

गर्भारपण हा आजार नव्हे. बहुसंख्य स्त्रियांची प्रसूती कोणत्याही शस्त्रक्रियेवाचून पार पडते. परंतु साधारणपणे शंभरातील पंधरा गर्भवतींना जिवावर बेतू शकेल अशी काही ना काही गुंतागुंत होऊ शकते, असा वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य अंदाज आहे. पोषणाचा अभाव, कमी उंची, लागोपाठची बाळंतपणे यांवरून काही जणींचा धोका आधी ओळखता येतो. पण पहिल्या चार खेपांना सुखरूप सुटका झालेली बाई पाचव्या खेपेला रक्तस्रावाने दगावल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील. म्हणूनच प्रत्येक बाळंतिणीजवळ जाणते माणूस हवे, आणि त्या माणसाला दोन गोष्टी कळावयास हव्यात : थांबावे केव्हा आणि थांबू नये केव्हा.

गावगाड्यातील सुईण

महाराष्ट्राच्या बहुतेक गावांत सुईणीचे काम पिढीजात चालत आले. कोठे ती मांग समाजातील असे, कोठे न्हाव्याच्या घरची, तर कोठे जातीचे बंधन न पाळता हाताला यश असलेली एखादी अनुभवी विधवा हे काम करी. तिच्या कामाचा मोबदला ठरलेला नसे. लुगडे-चोळी, नारळ, पायलीभर धान्य आणि मुलगा झाला तर थोडे अधिक, एवढ्यावर तिची बोळवण होई. ती बाळंतिणीच्या उशापायथ्याशी रात्रभर बसे, वार पुरून येई, दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घाली. सोयर फिटली की त्याच घराचा उंबरठा तिला पुन्हा परका होई. ज्या हातांनी घरातील प्रत्येक मूल झेलले, त्याच हातांचे पाणी त्या घरी चालत नसे. तिच्या ज्ञानाची नोंद कोणी ठेवली नाही, याचे कारण तिच्या निरक्षरतेइतकेच या वागणुकीतही शोधावे लागते.

तिच्या ज्ञानात चांगले आणि घातक यांची सरमिसळ होती. ती बाळंतिणीला एकटे सोडत नसे, तिला चालती-फिरती ठेवी, उकिडवे बसू देई, पेज पाजी आणि पाठ-कंबर चोळून धीर देई. यातील प्रत्येक गोष्ट आधुनिक प्रसूतिशास्त्राने आता योग्य ठरविली आहे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला सतत सोबत असावी, पहिल्या अवस्थेत तिने हालचाल करावी आणि तिला सोयीची वाटेल ती बैठक घेऊ द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची अनेक सुईणींची रीत होती. दवाखान्यांतून मात्र मूल बाहेर येताच नाळ कापण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. मूल जन्मल्यावर एक ते तीन मिनिटे थांबून नाळ बांधल्यास बाळाला वारेतील रक्त अधिक मिळते आणि पुढे त्याला रक्तक्षय होण्याचा संभव कमी होतो, हे आता सिद्ध झाले आहे. सुईण मुद्दाम त्यासाठी थांबत होती असे नव्हे, पण तिच्या थांबण्याने बाळाचे नुकसान होत नव्हते.

दुसरीकडे विळ्याने नाळ कापणे, बेंबीवर राख किंवा शेण लावणे, कळा मंदावल्या की पोट दाबणे, तेलाचा हात पुनःपुन्हा आत घालून पाहणे, वार अडकली की बाळंतिणीच्या घशात तिचीच वेणी घालून उमाळे आणविणे, चिकाचे दूध पिळून टाकून बाळाला तीन दिवस गूळपाण्यावर ठेवणे, या चाली कित्येक मातांच्या व बालकांच्या मृत्यूस कारण झाल्या. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालण्याची प्रथाही वरवर निरुपद्रवी वाटते. ओले, उघडे बाळ फार लवकर गार पडते आणि कमी वजनाच्या बालकाला ती थंडी सोसत नाही. बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी धरावे, तासाभरात अंगावर घ्यावे आणि पहिली अंघोळ किमान एक दिवस लांबवावी, हा आजचा नियम आहे.

हात, पाते आणि बेंबी

अस्वच्छ हातांचा दोष एकट्या सुईणीच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. युरोपातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन कक्ष होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात प्रसाविका. विद्यार्थ्यांच्या कक्षात सूतिकाज्वराने होणारे मृत्यू प्रसाविकांच्या कक्षाहून कितीतरी अधिक होते. डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ साली याचे कारण शोधून काढले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासावयास येत. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच मृत्यू झपाट्याने उतरले. तरीही त्या काळच्या नामवंत वैद्यांनी ही गोष्ट बरीच वर्षे मानली नाही. अंधश्रद्धा केवळ निरक्षरांतच असते असे नाही.

आपल्याकडे नाळेतून होणारा धनुर्वात हा नवजात बालकांचा मोठा शत्रू होता. पाचवी-सहावीच्या सुमारास बाळ दूध ओढेनासे होई, त्याचा जबडा घट्ट मिटे, अंग ताठ होई आणि घरचे लोक सटवाईचा कोप झाला असे समजत. दोष पात्याचा व बेंबीवरच्या शेणाचा होता. यावर दोन बाजूंनी उपाय झाला. गर्भवतीला धनुर्वाताची लस देणे ही एक बाजू आणि स्वच्छतेचे पाच नियम ही दुसरी : स्वच्छ हात, स्वच्छ अंथरूण, स्वच्छ नवे पाते, स्वच्छ दोरा आणि काही न लावता कोरडी ठेवलेली बेंबी. साबण, पाते आणि दोरा असलेली छोटी पुडी सुईणींच्या हाती देण्यात आली. मातांचा व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रमाणित केले. या यशात लसीचा व संस्थेतील प्रसूतीचा मोठा वाटा असला, तरी ज्या सुईणींनी विळा टाकून पाते घेतले त्यांचाही वाटा आहे आणि तो क्वचितच बोलून दाखविला जातो.

प्रशिक्षणाचे प्रयत्न

सुईणींना शिकविण्याची कल्पना जुनी आहे. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी निधी उभारण्यात आला. १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी वैद्यकीय पदवीधर झाल्या. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाकरिता त्यांनी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला होता. अल्पवयातील बाळंतपण आणि अवघ्या दहा दिवसांत दगावलेले मूल हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. १९०३ साली लेडी कर्झन यांनी देशी दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मृती निधी स्थापन केला. या प्रयत्नांचा लाभ शहरांपलीकडे फारसा गेला नाही.

भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता मरण पावत असाव्यात, असा तिचा अंदाज होता. पुरेशा शिक्षित प्रसाविका तयार होईपर्यंत गावातील दायांना प्रशिक्षण देऊन काम चालवावे, असे समितीने सुचविले. ही मध्यंतरीची सोय पुढे अनेक दशके टिकली. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दर हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई असावी असे ठरले. प्रशिक्षण तीस दिवसांचे असे, विद्यावेतन तीनशे रुपये मिळे आणि शेवटी प्रमाणपत्र व साहित्याची पेटी दिली जाई. पुढे महाराष्ट्रात आदिवासी भागासाठी १९९५ साली नवसंजीवनी योजना सुरू झाली. तीत दाईंच्या बैठका आरोग्य केंद्रावर नियमित घेण्याची तरतूद होती.

या प्रशिक्षणाचे फलित काय ? बेंबीचा धनुर्वात कमी होण्यास त्याने मदत केली आणि गर्भवतींची नोंदणी व लसीकरण वाढले. मातामृत्यू मात्र अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. १९९० च्या दशकात जगभरच्या अनुभवावरून हाच निष्कर्ष निघाला आणि केवळ दाई-प्रशिक्षणावर भर देण्याचे धोरण मागे पडले. यातून सुईण अयोग्य होती असा अर्थ काढणे सोपे आहे, परंतु तो न्याय्य नाही. तीस दिवस शिकलेल्या बाईला रक्तस्राव ओळखता येऊ लागला, पण तो थांबविण्याचे औषध तिच्या पेटीत नव्हते, गाडी गावात नव्हती आणि तालुक्याच्या रुग्णालयात रक्त नव्हते. तिने वेळेवर सांगितले तरी ऐकणारे कोणी नसे.

हाताशी असलेले तास

माता कोणत्या कारणाने दगावते यावर तिला वाचविण्यासाठी किती अवधी मिळतो हे अवलंबून असते. ढोबळ मानाने तज्ज्ञ असे मानतात की, उपचार न झाल्यास प्रसूतीनंतरच्या जोरदार रक्तस्रावात सरासरी दोन तास मिळतात. प्रसूतीपूर्वीच्या रक्तस्रावात बारा तास, गर्भाशय फाटल्यास एक दिवस, रक्तदाब वाढून झटके आल्यास दोन दिवस, अडलेल्या बाळंतपणात तीन दिवस आणि जंतुसंसर्गात सहा दिवस. रस्ते, वाहन व रुग्णालय यांविषयी निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे आपल्या गावाच्या अंतराशी ताडून पाहावेत. तीन दिवसांचा अवधी असलेली अडलेली बाई बैलगाडीनेही एके काळी वाचत असे. दोन तासांचा अवधी असलेली बाई वाचत नसे.

दोन तासच का, हे समजून घेणे उपयुक्त आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागी असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्यांना मिटविणारी दुसरी काही यंत्रणा नाही. गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात आणि त्या आवळण्यातच वाहिन्यांची तोंडे दाबली जातात. दीर्घकाळ कळा देऊन गर्भाशय थकलेले असेल, वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा मूत्राशय भरलेले असेल, तर स्नायू सैल राहतात आणि रक्त वाहू लागते. अनुभवी प्रसाविका म्हणूनच प्रसूतीनंतर बेंबीखाली हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखे कठीण झाले आहे की नाही हे वरचेवर चाचपते, बाईला लघवी करावयास लावते आणि मूल लगेच अंगावर पाजावयास देते. बाळ चोखू लागले की आईच्या शरीरात गर्भाशय आवळणारा रस आपोआप स्रवतो.

ज्या स्त्रीच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला दोन तासही मिळत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. गरोदरपणात सहा महिने रोज घ्यावयाच्या लोहाच्या लाल गोळीने मळमळते, शौचास काळी होते, मूल मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल असे शेजारीण सांगते, आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. गोळी का घ्यावयाची आणि जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो, हे बाईला तिच्या विश्वासातले माणूसच पटवू शकते.

एकच औषध, दोन परिणाम

गर्भाशय आवळणाऱ्या त्याच नैसर्गिक रसाचे औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. मूल जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत, पोटात दुसरे मूल नाही याची खात्री करून, त्याचे दहा एककांचे इंजेक्शन स्नायूत दिल्यास रक्तस्रावाचा धोका मोठ्या प्रमाणात टळतो. हे औषध स्वस्त आहे, मात्र ते थंड जागी ठेवावे लागते. वीज नसलेल्या उपकेंद्रात ही अट लहान नाही.

हेच इंजेक्शन मूल जन्मण्यापूर्वी, कळा वाढविण्यासाठी घरी टोचले गेले तर त्याचा परिणाम नेमका उलटा होतो. गर्भाशय अनावर आवळते, बाळाचा रक्तपुरवठा वारंवार तुटून ते गुदमरते आणि बाळाची वाट अडलेली असेल तर गर्भाशय फाटते. तरीही लवकर सुटका व्हावी म्हणून घरची मंडळी कोणा तरी इंजेक्शनवाल्यास बोलावून आणतात. येथे जुनी सुईण आणि नवी प्रसाविका एका बाजूस आणि घाई दुसऱ्या बाजूस असते. पहिलटकरणीला बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो, बाई व बाळ ठीक असेल तर थांबावे, हे सांगण्याचे धैर्य ज्या प्रसाविकेत आहे ती कोणतेही औषध न देता जीव वाचविते. ठरल्या वेळी बाळाच्या हृदयाचे ठोके, कळांची संख्या आणि गर्भाशयाचे मुख किती उघडले याच्या खुणा आलेखावर मांडल्या, तर थांबणे हे नुसते वाट पाहणे न राहता तपासणी होते. प्रगती थांबल्याचे त्यावरून वेळीच दिसते आणि बाईला पुढे पाठविता येते.

घाईचा रोग खेड्यापुरता नाही. वर उल्लेखिलेल्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. शस्त्रक्रियेने अनेकींचे प्राण वाचतात यात शंका नाही. परंतु ज्या राज्यात चारांतील एका बाईचे पोट उघडले जाते, त्याच राज्याच्या दुर्गम पाड्यावर खरी गरज असलेल्या बाईला शस्त्रक्रियेची सोय वेळेत मिळत नाही, ही विसंगती डोळ्यांआड करण्याजोगी नाही.

परिचारिकेतील प्रसाविका

सुईणीची जागा ज्या शिकलेल्या स्त्रीने घ्यावयाची होती, ती म्हणजे उपकेंद्रातील सहायक परिचारिका प्रसाविका, लोकांच्या तोंडी 'नर्सबाई'. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे तिचे क्षेत्र. तिच्या नावातील 'प्रसाविका' हा शब्द मात्र हळूहळू फिका पडत गेला. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशींनंतर ती बहुउद्देशीय सेविका झाली. १९७७ साली तिचा अभ्यासक्रम चोवीस महिन्यांवरून अठरा महिन्यांवर आणला गेला आणि प्रसूतिशास्त्राच्या वाट्यालाही कपात आली. कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट, लसीकरण, हिवतापाचे रक्तनमुने आणि नोंदवह्या यांत तिचा दिवस सरू लागला. रात्रीच्या बाळंतपणाला जाण्यासाठी ती गावात राहत असली पाहिजे. तेथे तिला राहण्याजोगे घर, पाणी व सुरक्षितता आहे की नाही, याची विचारणा तिच्या अनुपस्थितीबद्दलच्या तक्रारींइतकी झाली नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना सुरू झाल्या. गावोगावी आशा कार्यकर्ती आली आणि बाळंतपणे वेगाने दवाखान्यांकडे वळली. २०११ पासून सरकारी संस्थेतील प्रसूती, औषधे, आहार, रक्त व ने-आण विनामूल्य झाली. राज्यातील संस्थेतील प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ साली ६४.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर पोचले. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २००१-०३ च्या १४९ वरून २०१८-२० मध्ये ३३ वर आले. त्या काळात देशाचे प्रमाण ९७ होते. ही घट मोठी आहे आणि तिचे श्रेय वाहन, रक्त, औषध, रस्ता व शिक्षण या सर्वांना मिळून द्यावे लागेल.

या वाटचालीत काही हातचे सुटलेही. दवाखान्यातील टेबलावर बाई एकटी पडते, तिला पाठीवर झोपून राहावे लागते, ओरडली तर बोलणी खावी लागतात. घरी सुईण निदान तिचा हात धरून बसत असे. केंद्र शासनाने २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहात बाळंतिणीसोबत एका स्त्री-सोबतिणीस राहू द्यावे अशी सूचना दिली. २०१८ च्या डिसेंबरात प्रसाविका सेवेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन, ज्यांच्या बाळंतपणात धोका नाही अशा स्त्रियांची प्रसूती त्यांच्या स्वतंत्र जबाबदारीवर सोपविण्याचे ठरले. २०२३ साली परिचर्या व प्रसाविका व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. प्रसाविकेला डॉक्टरची मदतनीस न मानता स्वतंत्र व्यवसायाची अधिकारी मानण्याची ही सुरुवात आहे. तिला तो अधिकार प्रत्यक्षात मिळण्यासाठी डॉक्टरांनी तिच्यावर विश्वास टाकावा लागेल आणि तिची बदली प्रसूतिकक्षातून दुसऱ्या विभागात वरचेवर होता कामा नये.

गडचिरोलीचा अनुभव

दवाखाना दूर असलेल्या भागात काय करता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. प्रसूती गावची सुईणच करी. तिच्याबरोबर गावातीलच थोडी शिकलेली, प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्री उभी राही आणि जन्मलेल्या बाळाकडे पाही. बाळाला कोरडे व उबदार ठेवणे, श्वास चालू नसेल तर तो सुरू करणे, वजन घेणे, पुढचे काही आठवडे घरी जाऊन जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे व त्यावर औषध देणे ही तिची कामे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. सुईणीला हटवून नव्हे, तिच्या शेजारी दुसरी जाणती स्त्री उभी करून हे घडले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाण्याची पद्धत सुरू झाली. तिचे मूळ येथे आहे.

गावाच्या हातातील गोष्टी

मातामृत्यूंचा मोठा हिस्सा प्रसूतीनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत घडतो. म्हणून प्रसूतीनंतर किमान ४८ तास दवाखान्यात राहावे असा नियम आहे. घरी लहान मुले आहेत, गुरांना वैरण घालावयाची आहे, सोबतच्या माणसाचा रोज बुडतो, अशा कारणांनी बाई दुसऱ्याच सकाळी निघते. या ठिकाणी वैद्यकीय अधिकाऱ्यापेक्षा गावचा शब्द अधिक चालतो. दोन दिवस तिची मुले कोण सांभाळील हे शेजारपाजारच्या बायका ठरवू शकतात. गावातील जुन्या सुईणी अद्याप हयात आहेत, त्यांना दवाखान्यातील सोबतीण म्हणून पाठविण्याचा विचार ग्राम आरोग्य समितीने अवश्य करावा. नाळ कापणे हे त्यांचे काम आता राहिले नाही. घाबरलेल्या पहिलटकरणीजवळ बसण्याचे काम मात्र त्यांच्याइतके चांगले कोणी करीत नाही.

उशीर तीन ठिकाणी होतो : घरी निर्णय घेण्यात, वाटेत आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळण्यात. पहिला उशीर बहुधा पैशाचा किंवा परवानगीचा असतो. घरचा पुरुष कामावर गेलेला असतो आणि सासू त्याची वाट पाहते. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, तोंडा-हातांवर सूज, झटके, पाणी जाऊन बराच वेळ झाला तरी कळा नसणे, बाळाची हालचाल मंदावणे, आधी हात किंवा नाळ बाहेर येणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास कोणाच्याही परवानगीवाचून बाईला हलवावयाचे, हे सातव्या महिन्यातच घरच्यांशी बोलून ठेवले पाहिजे. शाळेतील शिक्षक पालकांच्या सभेत ही चिन्हे सांगू शकतात.

वाटेतला उशीर १०८ क्रमांकाच्या गाडीने पुष्कळ कमी केला आहे. जेथे गाडीच पोचत नाही तेथे बाईलाच आधी पोचविणे हा उपाय उरतो. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांलगत माहेरघरे याच हेतूने सुरू करण्यात आली. गर्भवतीने दिवस भरण्याच्या आधी काही दिवस तेथे येऊन राहावे, सोबत घरचे माणूस आणावे, अशी ती व्यवस्था. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून थेट मिळणाऱ्या पेसा निधीतून आरोग्याच्या कामांवर खर्च करता येतो. माहेरघरातील स्वयंपाकाची सोय, पांघरुणे, सोबतिणीचा बुडालेला रोज, नाल्यावरचा साकव या गोष्टी ग्रामसभेच्या ठरावाने होण्यासारख्या आहेत.

हे सारे ज्या एका तारखेवर उभे राहते, ती तारीख आशा कार्यकर्तीच्या वहीत असते. पाड्यावरची बाई शेवटच्या पाळीची तारीख सांगत नाही, सण सांगते. दिवाळीच्या पाडव्यानंतर आठ दिवसांनी, असे ती म्हणाली की दिनदर्शिका उघडून तो दिवस शोधावयाचा. समजा, तो ५ नोव्हेंबर निघाला. त्यात नऊ महिने सात दिवस मिळविले की १२ ऑगस्ट येतो. त्या दिवसांत भामरागडला पर्लकोटेचे पाणी चढलेले असते, मेळघाटात ओढे भरून वाहतात, अक्राणीच्या डोंगरात पायवाट निसटते. अशा बाईचे नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर जूनमध्येच लागले पाहिजे. तिच्या नावापुढे रक्तगट, सोबत जाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि जुलैच्या अखेरीस ती माहेरघरात कोणत्या दिवशी जावयाची तो दिवस लिहावयाचा आहे.